मोठं आंग, मोठा गोतावळा

पोळ्याला शिरपुरात सगळे बैलाच्या पुढे उभे राहतात. ओवाळतात, पुरणपोळी भरवतात. आमचे शेजारी नाना तेवढे मागे उभे असतात, हातात श्रीखंडाचा रिकामा डबा घेऊन. बैलाने शेण टाकेपर्यंत ते जागचे हलत नाहीत.

नाना कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले, पण जनावरांच्या पोटातले जंत आणि अंगावरच्या गोचिडांचा नाद काही सुटला नाही. या मंडळींना ते ‘भाडेकरू’ म्हणतात आणि त्यांच्याविषयी व्याह्यांविषयी बोलावं तसं अदबीने बोलतात. “उंदीर म्हंजे एक खोली. तठे कितला जन राहतीन? म्हैस म्हंजे चाळ. चरनं जास्त, जगनं जास्त, भाडेकरूबी तऱ्हातऱ्हाना. मोठं आंग, मोठा गोतावळा.”

आता प्राण्याचं अंग मोठं की लहान, हे ठरवायला वजन हवं. म्हणून त्यांनी माझ्या किराणा दुकानात, भर गिऱ्हाइकीत, काट्यावर पिंजऱ्यासकट घूस ठेवली. आम्ही मारवाडी जैन. माझा चेहरा पाहून म्हणाले, “जित्ती शे, शेठ. मारेल नही.” त्या दिवशी पुन्हा गिऱ्हाईक फिरकलं नाही.

पण खरं सांगतो, आमच्या घरात सूक्ष्म जीव जपायला लहानपणापासून शिकवतात, दाखवले मात्र कोणीच नव्हते. ते नानांच्या सूक्ष्मदर्शकातून मी पहिल्यांदा पाहिले. तेव्हापासून रोज दुकान उघडण्याआधी मी त्यांच्याकडे जातो.

मागे साधूंबरोबर एक हत्तीण गावात आली. नाना बादली घेऊनच धावले. दोन दिवस डोळा लावून बसले, आणि सापडले जेमतेम एकदोन प्रकारचे भाडेकरू. नानांचं जेवणावरचं मन उडालं. “इतलं मोठं आंग,” ते म्हणाले, “पन एकली शे ना. कळपच नही, ते देवानघेवान कोनासंगे?” हत्तिणीला त्यांनी गूळ नेऊन दिला.

यंदा श्रावणात त्यांच्याकडे आमच्या खानदेशातली देवी, कानबाई बसली. कानबाईचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, घरच्या माणसांच्या नावाने गहू मोजून करतात. ते घरच्यांनीच पुनवेच्या आत संपवायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. नानांच्या पत्नी अक्का असताना धुळ्या-जळगावचे भाऊ, पुतणे, मुलं, सगळे जमायचे. अक्का गेल्या. तरी नानांनी सगळ्यांच्या नावाने गहू दळले. मग एकेकाचा फोन आला. कोणाला सुटी नाही, कोणाच्या पोराची परीक्षा.

मी सकाळी गेलो तर नाना रोटांची टोपली पुढ्यात घेऊन एकटेच चावत बसले होते.

“कोनी ऊनं नही, शेठ.”

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, “मी बसलो असतो नाना, पण मी पडलो बाहेरचा.”

नानांनी उठून दुसरं ताट घेतलं. “तू रोज येस. भाऊ-पोरं येतस नहीत. मंग घरना कोन?”

पुनवेपर्यंत मी रोज तिथे जेवलो. शेवटचा रोट नानांनी मोडला, मोठा तुकडा माझ्या ताटात टाकला आणि थोरल्या मुलाला फोन लावला.

“रोट सरनात,” ते म्हणाले. “घरनासनीच खादात.”