शिळेचं माहेरपण

आमच्या गावात संगमरवरी शिळेला छिन्नी लावण्याआधी चार दिवस माहेरी पाठवावं लागतं. नाही पाठवलं तर शिळा कोरताना आतून तडकते, एवढंच.

माहेर म्हणजे ती ज्यातून काढली तो डोंगर. शिळेची ओटी भरतात, न्यायला कासवगाडी येते. परत आल्यावर शिलानिरीक्षक अंबादासपंत तिला हातोडीने वाजवून बघतात. 'खण्ण' वाजली तर शिक्का. 'थप्' वाजली तर पुन्हा चार दिवस.

माझं लग्न होऊन सात महिने झाले होते. मामंजींकडे राणीसाहेबांच्या सिंहासनाचं काम होतं. राज्याभिषेकाला बारा दिवस उरले, आणि चार दिवसांसाठी गेलेली शिळा सहाव्या दिवशीही परतली नाही. हे आणायला गेले आणि हात हलवत आले.

"डोंगर काय म्हणाला?" मामंजींनी विचारलं.

"म्हणाला, लेक वाळलीय. सासरी खायला घालत नाहीत वाटतं."

"अरे, गाडीत मावावी म्हणून कडा कापल्या! करवत चालते, छिन्नी चालत नाही. नियमच आहे तसा."

"सांगितलं मी. त्यावर म्हणाला, बघा, कबूल केलंत."

"मी तेव्हाच म्हटलं होतं," सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, आतून म्हणाल्या, "ओटीतला नारळ लहान आहे."

दुपारी अंबादासपंत नोटीस घेऊन आले. सिंहासन वेळेत झालं नाही तर मामंजींची छिन्नी जमा होणार, आणि पुढे त्यांनी विटा पाडायच्या.

"विटा?" मामंजींनी छिन्नी पाठीमागे धरली.

पंतांना समोर येईल ते वाजवायची सवय. त्यांनी खांब वाजवला, लोणच्याची बरणी वाजवली, मी पाणी घेऊन गेले तर माझं कोपर वाजवलं. 'थप्.' त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, मग भानावर येऊन खोडलं.

"सूनबाईला पाठवा," आत्याबाई म्हणाल्या. "नवी आहे. डोंगर तिच्याशी नीट बोलेल."

मी गेले. शिळा उन्हात पाठ शेकत पडली होती. डोंगराने आधी मला बसायला सांगितलं, मग विचारलं, "तुझ्या लग्नाला किती दिवस झाले?"

"सात महिने."

"माहेरी कधी गेली होतीस?"

"अजून नाही. सिंहासनाचं काम आहे ना."

त्यावर शिळा पहिल्यांदाच बोलली, "मी येईन. पण ही जाऊन आल्यावर."

"अगं, दिवस कुठे आहेत?" मी म्हटलं.

"ते तुझ्या सासऱ्यांनी बघावं."

अट तीन प्रतींत लिहून झाली. मामंजींनी बोटांवर दिवस मोजले, पुन्हा मोजले, आणि सही केली. मी चार दिवस माहेरी गेले. आईने रोज उशिरा उठवलं. येताना डोंगरावरून शिळेला घेतलं आणि एकाच गाडीतून आम्ही दोघी परतलो. पंतांनी शिळा वाजवली. 'खण्ण.' मग मला वाजवलं. 'खण्ण.' दोघींवर शिक्का बसला, माझा मनगटावर.

उरलेल्या दिवसांत सिंहासनाची पाठ आणि हात काही जमले नाहीत. झाला तो एक मोठा पाट. राणीसाहेबांनी त्यावर मांडी घातली, थोडं डुलून पाहिलं, आणि म्हणाल्या, "आयुष्यात पहिल्यांदा बसल्यावर पाय लोंबकळले नाहीत." मामंजींची छिन्नी वाचली.

नोटीस रद्द झाल्याचा कागद घेऊन पंत आले तेव्हा मामंजींनी त्यांना आग्रहाने दोन लाडू खायला घातले. ते उठणार, एवढ्यात आत्याबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि कोपर त्यांच्यासमोर धरून उभ्या राहिल्या.

पंतांनी हातोडी काढली. 'थप्.'

"एकोणतीस वर्षं झाली," आत्याबाई म्हणाल्या. "कासवगाडी बोलावून ठेवा. मी लुगडं बदलून येते."