सुलभाताईंचं शिल्लक मिनिट

कराडच्या शिल्पगंध सोसायटीत टायमरने शेवटचं मिनिट सोडायला नकार दिला, त्यामुळे रविवारची सभा संपेना आणि कुणालाच उठता येईना.

टायमर सेक्रेटरी सुलभा खटावकरांचा. पांढरा, वाटीएवढा. पहाटे तो त्यांच्या मुलीचा अभ्यास मोजायचा, मग गच्चीवर बायकांचा व्यायाम आणि रविवारी सभा. टायमर शून्यावर आल्याशिवाय सभा संपणार नाही, हा ठराव अध्यक्ष घोरपड्यांनीच आणला होता. कारण त्यांचं भाषण चालू असताना लोक उठून जात.

"सुलभाताई, जरा थोपटा त्याला," घोरपडे म्हणाले.

"मी ठणठणीत आहे," टायमर म्हणाला. "हे मिनिट सुलभाताईंचं आहे. सगळ्यांना वेळ लावून देतात, स्वतः कधी बोलल्या नाहीत. त्या बोलल्या की मी पुढे सरकेन."

टायमर बोलतो याला कुणी हरकत घेतली नाही. तो विषयपत्रिकेबाहेरचं बोलतो, याला घोरपड्यांनी घेतली. पण खजिनदार रझिया मुजावर म्हणाल्या की, ठराव म्हणजे ठराव.

"मला काही बोलायचं नाहीये," सुलभाताई म्हणाल्या.

"मग बसू," टायमर म्हणाला.

सगळे बसले. कुणाच्या तरी घरात कुकरने शिट्ट्यांवर शिट्ट्या दिल्या. रझियाबाईंनी मेथी मागवून निवडायला घेतली, तेव्हा शेजारच्यांनीही हात लावला. घोरपड्यांच्या पायाला मुंग्या आल्या. सुलभाताई मान खाली घालून बसल्या होत्या, कारण बोलायचं होतं. कित्येक दिवस ते ओठांवर येऊन परत जात होतं.

"मला पोहायला शिकायचंय," शेवटी त्या म्हणाल्या. "तलावावर बायकांना शिकवतात ते रविवारी, नेमकं आपल्या सभेच्या वेळी. म्हणून मला सेक्रेटरीपद सोडायचंय."

"अहो, मग आधी सांगायचं," घोरपडे म्हणाले.

"विषयपत्रिका मीच लिहिते. त्यात आपलाच विषय कसा घालणार?"

नवा सेक्रेटरी कोण, हे घोरपड्यांनी विचारताच सगळ्यांना मेथीत फार लक्ष घालावंसं वाटू लागलं.

"मी होतो सेक्रेटरी," टायमर म्हणाला.

"सेक्रेटरी सभासद लागतो," घोरपडे म्हणाले. "इथे राहणारा."

"मी खटावकरांच्या ओट्यावर राहतो."

सुलभाताईंनी त्याला आपल्या फ्लॅटचा सहसभासद करून घेतलं. सभासद माणूसच हवा, असं नियमात कुठे आहे का, ते घोरपड्यांनी दोनदा वाचून पाहिलं. नव्हतं. हात वर झाले, ठराव मंजूर झाला. मग टायमरने शेवटचं मिनिट शिस्तीत मोजलं आणि घंटी वाजवली.

पुढच्या रविवारी सुलभाताई हनुवटीपर्यंत पाण्यात उभ्या होत्या. दोन्ही हातांनी पाठीमागचा काठ घट्ट धरलेला. शिकवणारी मुलगी समोरून हात पुढे करून थांबली होती. तेवढ्यात काठावरचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर लावला.

"सुलभाताई, घोरपडे बोलतोय. नव्या सेक्रेटरीने मला बोलायला तीन मिनिटं दिली आहेत."

"कमी पडताहेत का?"

"तसं नाही." घोरपड्यांचा आवाज जरा उतरला. "माझं दोनातच संपलं. उरलेल्या मिनिटाचं काय करायचं असतं?"

"कुणाचं तरी ऐका," सुलभाताई म्हणाल्या, आणि त्यांनी काठ सोडला.