मुरवलेल्या नळ्या

आमच्या गंगाखेडात लोणचं घरोघरी मुरतं, पण पेट्रोलात नळ्या मुरवणारा माणूस एकच, आमचे शेजारी भुजंगराव. त्यांच्या पत्र्याच्या शेडात घट्ट झाकणाच्या पाच बरण्या ओळीनं मांडलेल्या. प्रत्येकीत बोटाएवढा रबराचा तुकडा, तो बुडेल इतकं पेट्रोल, आणि झाकणावर चिठ्ठी. 'परभणीचा काळा'. 'नांदेडचा जाड'. एकीवर तर 'दुकानदार लय गोड बोलला'.

महिना झाला की तुकडा काढायचा, दाबायचा, वाकवायचा, कोऱ्या तुकड्याशेजारी धरून बघायचा. फुगला की नापास. शाळेत गणिताचे मास्तर होते. रिटायर झाले, पण नापास करायची सवय राहिली.

हे सगळं त्यांच्या मोटारीसाठी. गाडी माझ्या थोरल्याच्या लग्नाआधीची. मूळ इंजिन थकलं तेव्हा त्यांनी नव्या गाडीचं इंजिन आणून तिच्यात बसवलं, टाकीत करंटवर चालणारा पंप घातला. म्हातारीच्या अंगात पोरीचं काळीज. पेट्रोल आता जोरानं यायला लागलं आणि नळ्या त्याच जुन्या, जागोजागी पाझरणाऱ्या.

मी एकदा म्हटलं, "चालती तर हाय नं गाडी? वास यायलाय तर येऊ द्या."

"चालती हो अक्का," ते म्हणाले. "पन ही बसली पायजे नं."

ही म्हणजे कमल, त्यांची बायको. पेट्रोलचा वास नाकात गेला की तिला मळमळतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बाई नवऱ्याच्या गाडीतून चौकापुढं गेली नाही. माहेर राणीसावरगावला, तिथंही ती एसटीनं आणि मास्तर गाडीनं. आता तिच्या भावाला नातवंड होणार होतं, आणि मास्तरांनी मनाशी घेतलं होतं की बारशाला तिला शेजारी बसवून न्यायचं.

पहिल्यांदा त्यांनी फवारणीच्या पंपाची नळी लावली. "आरपार दिसती, पेट्रोल कुठवर आलं ते कळतंय." महिनाभरात ती पापडासारखी कडक झाली आणि धान्याच्या मोंढ्यासमोर तडकली. गाडी ढकलत आणताना एक बैलगाडीवाला म्हणाला, "मास्तर, कासरा देऊ का?" मास्तरांनी खरंच घेतला.

मग दुकानदार सांगायला लागला, "रबर ते रबर, मास्तर. ही पाण्याची न्या." भुजंगराव म्हणाले, "पाण्याची नळी पेट्रोल प्यायली की सासरवाडीला गेलेल्या जावयावानी फुगती. मला दाबाच्या पेट्रोलची पायजे, अंगावर तसं छापलेली." तेव्हापासून बरण्या सुरू झाल्या.

आणि माझी नोकरीही. माझं नाक तिखट, पलीकडच्या गल्लीत दूध करपलं तरी मला कळतं. रोज सकाळी हाक यायची. मी हातातला चहा ठेवून मागच्या सीटवर बसायचं, काचा वर करायच्या.

"अक्का, वास यायलाय का?"

"यायलाय."

की पुन्हा बॉनेटात डोकं. एकदा मी म्हटलं, "थोडाच यायलाय." तर बाहेरून प्रश्न, "थोडा म्हंजी शंभरात किती?"

शेवटी 'नांदेडचा जाड' पास झाला. टाकीपासून इंजिनापर्यंत सगळ्या नळ्या बदलल्या. नवं पातं घेऊन सरळ कापायच्या, फुंकून आतला भुगा काढायचा, सायलेन्सरपासून लांब न्यायच्या. क्लिप आवळताना तर श्वास धरायचे. म्हणायचे, "बांगडीवानी बसली पायजे. उतरू नये आन् रुतूबी नये."

त्या सकाळी मी तीनदा हुंगलं. काहीच नाही. तसं सांगितलं तर मास्तरांनी बॉनेटातून डोकं वर काढलं. "शून्य?"

"शून्य."

आयुष्यात पहिल्यांदा शून्य मार्कांवर हसलेला मास्तर मी बघितला.

बारशाला कमल निघाली ती हातात लिंबू आणि पिशवी घेऊनच. मी दिवसभर पायरीवर. माझ्या नाकाची अब्रू पणाला लागलेली.

दिवस मावळताना गाडी आली. कमलनं उतरून लिंबू माझ्या हातात दिलं, न कापलेलं. "वास न्हाई काई न्हाई. पन अक्का, जाताना केवढा उशीर. बाळाला पाळन्यात घातल्यावर पोचलो."

"का? बंद पडली का?"

"बंद कशाची. म्होरं एसटी होती. ती थांबली की हे थांबायचे. ती निघाली की हे निघायचे. हर थांब्याला. म्हनलं, अहो, घाला की म्होरं."

मी भुजंगरावांकडं बघितलं. ते ओशाळले. "सवय हो अक्का. इतकी वर्षं ही त्या एसटीत मागच्या खिडकीला बसायची. मी आपला मागं मागं."

मला आजवर वाटायचं, बायकोला एसटीत बसवून हा माणूस झोकात पुढं निघून जातो.

"मग मीच यांच्या हातावर हात ठिवला," कमल म्हणाली. "म्हनलं, मी हितं हाय."

भुजंगराव फडकं घेऊन काच पुसायला लागले, कमलच्या बाजूची.