सरकत्या जिन्यावर ममता

मॉलला घाबरणाऱ्यांतली ममता नव्हतीच! लग्नानंतर ती मस्कतला गेली आणि तिथे उन्हाळ्यात बाहेर पाऊल टाकलं की माणसाचा पापड होतो, म्हणून तिनं दोन्ही पोरांना मॉलमध्येच वाढवलं. तनय चालायला शिकला तो मॉलमध्ये. गीतूचा पहिला दात पडला तोही मॉलमध्येच, आईस्क्रीमच्या कोनात!

यंदा ती जबलपूरला, मदन महल भागातल्या माहेरी आली आणि दोन दिवसांत पोरांनी घर डोक्यावर घेतलं. "मॉल! मॉल!"

"मी येऊ का सोबत?" गुलाबरावांनी, म्हणजे तिच्या बाबांनी विचारलं. "दोघं आहेत. एकटीनं सांभाळशील?"

"बाबा, तिथल्या मॉलच्या नुसत्या पार्किंगमध्ये आपला आख्खा सराफा बाजार मावेल! इथला मॉल म्हणजे माझ्यासाठी अंगण. पण चला, तुमचंही फिरणं होईल."

ऑटोत तिनं पोरांना धडा दिला. "हरवलात तर काय करायचं?"

"रडायचं नाही. वर्दीवाल्या अंकलला सांगायचं," तनय म्हणाला. सात वर्षांचा पोरगा, पण उत्तर कसं खणखणीत! ममता कौतुकानं बाबांकडे बघत राहिली.

आत शिरल्यावर दहा मिनिटं सगळं झकास चाललं. मग आला सरकता जिना. पोरं माकडासारखी टुणकन चढली आणि वर निघाली. ममता चढली, तोच मागून ओढणी ताणली गेली. गुलाबराव एक पाय जिन्यावर आणि एक पाय जमिनीवर ठेवून लांब लांब होत चालले होते!

"बाबा, दुसरा पाय उचला!"

"काहून ओढून राहिली मले? माह्यानं नाही होत!"

तिनं खाली उतरून त्यांना कसंबसं मागे खेचलं आणि समोरच्या बाकावर बसवलं. "इथून हलायचं नाही. कळलं?"

वर बघते तर पोरं गायब!

ती जिन्यावरून धावत सुटली. अर्ध्यात पोचली आणि शेजारच्या उतरत्या जिन्यावरून आवाज आला, "मम्मी! हाय!" तनय आणि गीतू हात हलवत खाली चालले होते!

"तिथेच थांबा!" ती ओरडली. चालत्या जिन्यावर कोण कसं थांबणार? ती वर पोचली, वळून खाली आली. तोवर पोरं तिला शोधायला पुन्हा वर निघाली होती. दोघं मजेत, आणि ही घामाघूम! असं दोनदा झालं. लोक थांबून बघू लागले. तिसऱ्यांदा ती खाली आली, तेव्हा ना चढत्या जिन्यावर पोरं, ना उतरत्या.

"बाबा, मुलं दिसली का?"

"हो ना. आत्ताच समोरून गेली. तुले शोधून राहिली होती."

"मग धरायचं नाही का त्यांना?"

"तूच म्हटलं, इथून हलायचं नाही!"

ममता पळत सुटली. ती खेळण्यांच्या दुकानात पाहून आली, खाऊच्या काउंटरांवर पाहून आली, चुकून पुरुषांच्या ट्रायल रूमचा पडदाही उघडून आली. मस्कतला नवऱ्याला, अश्वजीतला, काय सांगायचं? मुलं तुझीही होती, म्हणायचं? डोळे भरून यायला लागले. तेवढ्यात वर कर्णा खरखरला.

"कृपया ध्यान दें. एक महिला खो गई हैं. उम्र साठ साल. पीला कुर्ता. मिजाज से गुस्से में हैं."

"अरेरे! कोणाची म्हातारी हरवली बाप्पा!" एवढ्या घाईतही ममता हळहळली. "असे कसे सोडतात घरचे लोक!"

"नाम, मम्मी. बच्चे गेट के पास इंतजार कर रहे हैं."

ममतानं खाली पाहिलं. कुर्ता पिवळा होता.

गेटजवळ गार्डच्या शेजारी पोरं चिप्स खात बसली होती. तिनं दोघांना छातीशी घट्ट धरलं. धपाटा घालायला उचललेला हात मधेच डोळे पुसायला गेला. "साठ वर्षं रे माझं वय?"

"अंकलनी विचारलं, मग मला जो मोठा नंबर आठवला तो सांगितला," तनय म्हणाला.

बस झाला मॉल! तिनं बाबांना बाकावरून उठवलं, पोरांना त्यांच्यासोबत बाहेर ऑटोकडे पाठवलं आणि गेटवर राहिलेली पाण्याची बाटली घ्यायला वळली. मघाचा गार्ड चहाला गेला होता, त्याच्या जागी दुसराच उभा होता. कर्ण्यावर पुन्हा पुन्हा वाजणारी घोषणा बंद करायचं मात्र कोणाला सुचलं नव्हतं. "उम्र साठ साल, पीला कुर्ता..."

एका धिप्पाड बाईनं तिचं मनगट पकडलं. "मिल गईं! भैया, आंटी मिल गईं!"

"अहो, मैं खोई नहीं हूं! मेरे बच्चे बाहर हैं!" ममता खेकसली.

"देखा, गुस्से में हैं!" बाई गार्डला म्हणाली. जमलेल्या लोकांनी माना डोलावल्या.

गार्डनं आदरानं खुर्ची दिली, पाणी दिलं. "माताजी, घरवालों के आए बिना आपको नहीं छोड़ सकते."

ममतानं वाद घालून पाहिला. जितकी ओरडली, तितका लोकांचा विश्वास पक्का होत गेला! शेवटी तिनं मुकाट्यानं फोन लावला.

"बाबा, पोरांना घेऊन परत आत या."

"काहून? काय राहिलं आता?"

ममतानं आवाज अगदी हळू केला. "मी राहिले. मला घेऊन जा."