खड्ड्यातली किंकाळी

भीती कशाशी खातात, हे मला ठाऊक नाही! अंधार, पाली, उंच जिने, इंजेक्शनं... कश्शाला म्हणून मी घाबरत नाही. बायकोला घाबरतो, पण ती भीती नव्हे, तो अनुभव!

तर या माझ्या बायकोने ड्रम वाजवायला घेतले, तेव्हा मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. पण त्या खुळात तिची धाकटी बहीण गिटार घेऊन सामील झाली, मग आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या, आणि बघता बघता घरातल्या घरात तिघींचा रॉक बँड उभा राहिला. मेव्हणी ग्रंथपाल. म्हणून बँडचं नाव ‘शांतता राखा’! आता त्यांचा पहिलावहिला अल्बम निघत होता. कव्हर आधीच छापून आलं होतं आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत होतं, ‘यातला प्रत्येक आवाज बाईचा आहे!’

रेकॉर्डिंग मात्र माझ्याकडे. माझं रेडिओदुरुस्तीचं दुकान आहे, उभा जन्म वायरींत गेला. जागा होती एका मिस्त्रींचं गाड्यांचं गॅरेज, तेही त्यांच्या सुट्टीच्या दिवसांत. आणि पद्धत एकच. गाणं एका दमात. तोडायचं नाही, जोडायचं नाही. “एकदा सुरू झालं की छप्पर कोसळलं तरी थांबायचं नाही,” डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. “मी दात अर्धा उपटून कधी थांबते का?”

सगळी गाणी झाली, शेवटच्याने मात्र जीव खाल्ला. त्यात एका जागी सगळी वाद्यं थांबतात आणि त्या शांततेत मेव्हणीने काळीज फाडणारी किंकाळी फोडायची असते. पण बिचारीचं आयुष्य वाचनालयात कुजबुजण्यात गेलेलं! तिची किंकाळी म्हणजे ओल्या खुर्चीवर बसल्यासारखी. “ई!”

त्यातून एक टेक मी शिंकून घालवला. दुसरा त्या “ई”ला हसून.

बायकोने ड्रमची काठी माझ्यावर रोखली. “आजचा शेवटचा दिवस आहे. उद्यापासून इथे गाड्या. पुन्हा तुझा आवाज आला तर बघ!”

“काय करशील?”

“अजून ठरवलं नाही,” ती शांतपणे म्हणाली. मला दरदरून घाम फुटला.

पण त्याच घामातून मला कल्पना सुचली! गॅरेजच्या मधोमध गाडीखाली शिरून काम करायचा खड्डा होता, त्यावर फळ्या टाकलेल्या. मेव्हणी त्या फळ्यांच्या कडेलाच उभी राहून गायची. मी गुपचूप खड्ड्यात लपायचं, ऐन शांततेत फटीतून हात काढायचा आणि तिचा घोटा गच्च धरायचा. खरीखुरी किंकाळी मिळणार, अल्बम तरणार, आणि बायको माझ्याकडे लग्नात बघत होती तशी बघणार!

हां, सकाळी किल्ली देताना मिस्त्री म्हणाले होते, “खड्ड्यात जरा जपून. परवा साप निघाला होता.”

“मग? गेला का?”

“गेला असेल,” मिस्त्री म्हणाले. एवढ्याशा गोष्टीला मी घाबरतो होय!

“चहा सांगून येतो, बटण दाबून तुम्ही सुरू करा,” म्हणून मी सटकलो, मागच्या दाराने आत आलो, खड्ड्याच्या पायऱ्या उतरलो आणि डोक्यावर फळी ओढून घेतली. डोळ्यांत बोट घातलं तरी कळू नये असा काळोख. जुन्या ऑईलचा वास. मी दबा धरून बसलो.

इतक्यात वरून बायकोचा आवाज आला. “हा स्पीकर इथे ठेवूया.” धप्प! नेमका माझ्या पायऱ्यांवरच्या फळीवर. त्या स्पीकरला उचलायला दोघी लागतात. मी खालून फळी ढकलून पाहिली. ढिम्म! बाहेर पडायची वाट बंद, आणि हाक मारावी तर टेक सुरू! सगळा खड्डा थरथरू लागला. माती माझ्या कॉलरमध्ये पडत होती.

तेव्हा माझ्या पावलावरून काहीतरी सरकलं.

गार. लांब. सरपटणारं!

गेला असेल, म्हणे! अहो मिस्त्री, ‘असेल’ काय? ओरडलो तर बायको, नाही ओरडलो तर साप! मी रुमाल तोंडात कोंबला. वर मेव्हणी तालात पाय आपटत होती आणि प्रत्येक ठोक्याला ते खाली झटका देत होतं. त्यालाही गाणं आवडलेलं दिसत होतं! त्याने माझ्या घोट्याला एक वेढा घातला. मग दुसरा. मी आईला आठवलं, वडिलांना आठवलं, विम्याचे कागद कुठे आहेत ते आठवायचा प्रयत्न केला. लहान मुलासारखं रडू येत होतं, खोटं कशाला सांगू?

आणि वाद्यं थांबली. तीच ती शांतता!

घोट्याभोवतीचा वेढा करकचून आवळला गेला. रुमाल कुठल्या कुठे उडाला.

“आऽऽऽई गंऽऽऽ!”

मेव्हणीचा घोटा राहिला बाजूला, मी माझाच धरून किंचाळत होतो! वाटलं, आता धावत येतील. पण कसलं काय! छप्पर कोसळलं तरी थांबायचं नाही ना! बायकोने काठ्या वाजवून ताल दिला आणि गाणं पुन्हा सुरू झालं. मी तालावर बोंबलत राहिलो, शेवटच्या ठोक्यापर्यंत.

मग स्पीकर सरकला, फळी उचलली गेली. वर तीन चेहरे, त्यातल्या एकाच्या हातात काठी.

“साप!” मी पायाकडे बोट दाखवलं.

बायकोने वाकून पाहिलं. “माईकची वायर आहे ती.”

खरंच वायर होती! आवाज विहिरीत घुमल्यासारखा यावा म्हणून खड्ड्यात एक माईक सोडला होता. सोडला कुणी? सकाळी, मीच! वायरीचा वरचा भाग मेव्हणीच्या पायात अडकला होता.

बायकोने रेकॉर्डिंग लावलं. मी भिंतीला पाठ लावून शिक्षेची वाट बघत उभा. ती जागा आली. किंकाळी घुमली. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले.

“इतकी वर्षं दात उपटतेय,” त्या हळूच म्हणाल्या, “पण असा जातिवंत आवाज नाही ऐकला!”

“पण कव्हर?” मेव्हणी रडवेली झाली. “प्रत्येक आवाज बाईचा, असं छापलंय ना, ताई!”

तेवढ्यात मिस्त्री किल्ली न्यायला आले. दारातच थबकून त्यांनी ऐकलं आणि आदराने विचारलं, “या किंचाळणाऱ्या ताई कोण? आज आल्या नाहीत का?”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. लग्नात बघत होती तसं अगदी नाही, पण काठी खाली गेली.

अल्बम निघाला. आत बारीक अक्षरांत छापलंय, ‘किंकाळी: एक लाजरी मैत्रीण’. आता प्रत्येक कार्यक्रमात लोक त्या मैत्रिणीसाठी आरडाओरडा करतात आणि मला पडद्यामागे काळोखात उभं राहावं लागतं. तालीम वगैरे काही लागत नाही. बायको फक्त माझ्या पायावर वायर टाकते. ती वायर आहे, हे मला पक्कं ठाऊक असतं हो! दुकानातून मीच आणलेली असते!