हलव्यावरून

"हलवा आणलास?" स्नेहलने दारातच विचारलं. सुजितने ऐटीत पिशवी पुढे केली. पिशवीतून पाणी ठिबकत होतं.

रहाटणीतल्या त्या फ्लॅटमध्ये बाळाचं बोरनहाण होतं. शेजारच्या बायका पोरं घेऊन जमल्या होत्या. पाटावर काळ्या झबल्यातलं बाळ गळ्यातला हलव्याचा हार चोखून संपवत होतं. बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, सगळं तयार होतं. डोक्यावरून ओतायचा हलवा तेवढा कमी पडला, म्हणून स्नेहलने दुपारी सुजितला चाकणच्या कंपनीत फोन केला होता. आता बोरनहाणाच्या दिवशी बायको हलवा मागते तो कुठला, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण सुजित पडला मालवणचा. हलवा म्हटलं की या माणसाची अक्कल बंद. लग्न झाल्यापासून घरात कोळंबीची मिशीसुद्धा आली नव्हती, आणि आज बायको स्वतःहून मागतेय म्हटल्यावर त्याने पिंपरीच्या बाजारातून दोन ताजे हलवे निवडून आणले.

"सुजित, हे मासे आहेत."

"मग? कल्ले बघ, लालभडक आहेत."

"अरे, तिळाचा हलवा. पांढरा. डोक्यात काय भरलंय तुझ्या?"

"तसं सांगायचं ना मग. आमच्याकडे हलवो म्हणजे मासोच."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या हसीनाभाभी आल्या. नवऱ्याचा भरवसा नाही म्हणून स्नेहलने त्यांच्याकडेही हलवा मागून ठेवला होता. भाभींनी पातेलंभर गाजराचा हलवा आणला होता, वाफाळता.

"हा डोक्यावर ओतायचा?" त्यांनी बाळाकडे बघत विचारलं. "भाजेल ना गं लेकरू."

आणि मग स्वयंपाकघरातून रुक्मिणीबाई बाहेर आल्या. स्नेहलची आई, मारुंजीची, गळ्यात तुळशीची माळ. त्या इथे राहून बाळाला सांभाळायच्या, म्हणून तर स्नेहलची नोकरी टिकली होती. या घरात मासं आलं की मी चालले, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"आई, गैरसमज झाला," सुजित म्हणाला.

"गैरसमज काय कल्लं बघून आणत्यात व्हय, जावईबापू?"

रुक्मिणीबाईंनी कपड्यांची पिशवी उचलली आणि जिना उतरायला लागल्या.

"सोमवारपासून बाळाला कोण बघणार, तू?" स्नेहल दात आवळून म्हणाली. "आईला घेतल्याशिवाय वर येऊ नको."

सुजित मागे धावला. खाली वेगळाच तमाशा. घाईघाईत त्याने गाडी गेटातच आडवी लावली होती. बाहेर पाण्याचा टँकर हॉर्न मारून कावला होता, आणि सोसायटीचे सेक्रेटरी नानासाहेब त्याच्याहून जास्त. सुजित दिसताच ते तडकले.

"अहो, हलवा आधी!"

रुक्मिणीबाई थबकल्या. "काय म्हनला?"

"हलवा म्हणतोय. इथे असले प्रकार चालणार नाहीत. अख्ख्या सोसायटीला त्रास."

"आई, ते गाडीचं..." सुजितने तोंड उघडलं.

"तुमी गप ऱ्हावा." रुक्मिणीबाईंनी पदर खोचला. "आमच्या घरात काय शिजतंय ते इचारनारा तू कोन रं? हाय हलवा. जावयानं घाम गाळून आणलाय, चोरून न्हाई. आज हलवा शिजल, उद्या बोंबील शिजल. तुझ्या चुलीवर ठेवलाय का?"

गॅलऱ्या माणसांनी भरल्या. नानासाहेब गाडीकडे बोट दाखवत राहिले, पण त्यांचं कोण ऐकतंय. रुक्मिणीबाईंनी कपड्यांची पिशवी जावयाच्या हातात कोंबली आणि तरातरा वर निघाल्या.

वर स्नेहल मासे कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या बेतात होती.

"टाकू नको," रुक्मिणीबाई म्हणाल्या. त्यांनी बाळाला उचललं, पदर नाकाला लावला आणि खिडक्या सताड उघडल्या. "तळायला घे."

"आई, तू हे सांगतेस?"

"सगळ्या सोसायटीदेखत बोलून आले मी. आता वास सुटला न्हाई, तर म्हातारी खोटं बोलली म्हनतील."