गाडेकर मॅडमची अकरावी खेळाडू

गाडेकर मॅडम ताठ उभ्या राहिलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. एसटी स्टँडवर, रॉकेलच्या रांगेत, अगदी प्राचार्यांसमोरसुद्धा गुडघे वाकवून, सगळा भार चवड्यांवर टाकून उभ्या. कंबर धरली का, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "न्हाई, तयार हाय."

वडील चुडाव्याला रेल्वेत होते. बदली सिकंदराबादला झाली, पोरगी तिथं हॉकी शिकली आणि राज्याच्या संघातून खेळली. अशी बाई आमच्या तालुक्याच्या कॉलेजात आली, तर तिला डोक्यावर घ्यायला पाहिजे होतं. आमच्या लोकांनी काय केलं? मुलींच्या हॉकीसाठी प्रशिक्षकाची जागाच मंजूर नाही म्हणून तिला माझ्या ग्रंथालयात परिचर म्हणून नेमलं! मैदान अर्धा आठवडा मुलांच्या क्रिकेटला आणि अर्धा आठवडा प्राचार्यांच्या म्हशींना. हो, म्हशींना. खोटं कशाला बोलू? मॅडमनी तीन वर्षांत एका पुस्तकावरची धूळ झटकली नाही आणि मीही ब्र काढला नाही.

खेळाडू निवडायची त्यांची रीतच न्यारी. खुरपणीच्या दिवसांत कॉलेजच्या पोरी सुट्टीला घरच्या रानात असायच्या, तेव्हा मॅडम जाऊन बांधावर उभ्या राहायच्या. जी पोरगी कंबर न धरता आपली खुरपायची पात सगळ्यांच्या आधी रानाच्या टोकाला, धुऱ्याला लावेल, ती त्यांची. "वाकायला शिकवण्यातच दोन साल जातेत, सर. ह्या पोरी वाकूनच आल्यात," म्हणायच्या.

त्या वर्षी विद्यापीठाच्या नावावरून बंद आणि मोर्चे चालले होते. सामने दोनदा पुढं गेले, तेवढ्यात आमची एक खेळाडू लग्न होऊन सासरी गेली. उरल्या दहा. शनिवारपर्यंत अकरा झाल्या नाहीत तर संघ बंद आणि बाईंची नेमणूकही बंद, असं प्राचार्यांनी बजावलं. माझं डोकंच फिरलं. क्रिकेटच्या पोरांना कधी कुणी मोजलं होतं?

मॅडमच्या मनात वालूरची रुक्मिण होती, आमच्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला. पोरीबद्दल बोलायला रविवारी दोघं येतोय, असा निरोप मी एसटीच्या कंडक्टरबरोबर धाडला. जाऊन बघतो तर ओसरीवर सतरंजी, टोप्या घालून बसलेले चुलते-मामे, पोह्यांच्या बशा आणि डोक्यावर पदर घेऊन खाली मान घातलेली रुक्मिण. आम्ही पोरगी बघायला आलो, असं समजले होते सगळे! रुक्मिण आम्हाला ओळखत होती, पण मोठ्यांपुढं बोलते कशाला.

मी तोंड उघडणार तोच मॅडमनी बशी उचलली. निवांत पोहे खाल्ले, पोरीला नाव विचारलं, चालून दाखव म्हणाल्या. इथपर्यंत सगळं रीतीला धरून. मग म्हणाल्या, आता मारुतीच्या देवळापर्यंत पळून दाखव. रुक्मिणनं पदर खोचला आणि अशी सुटली की चुलत्याच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला. नवरदेव पळून जाणाऱ्यातला हाय का, असं मामानं मला हळूच विचारलं. शेवटी खरं काय ते मलाच सांगावं लागलं.

बाप उठून उभा राहिला. "गावादेखत पोरीची थट्टा केली तुमी, सर. निघा."

परतीच्या एसटीत मी मॅडमना फाडफाड बोललो. सतरंजी दिसली तेव्हाच खुलासा का केला नाहीत? बशीभर पोह्यांपायी संघ घालवलात. 

"समजलं होतं मला," त्या म्हणाल्या. "पण काठी घेऊन हिंडणारी म्हणून मला बघायला कधी कुणी आलंच न्हाई. वाटलं, कसं करतेत ते एकदा बघावं."

राग होताच, पण आता तो कुणावर काढावा ते मला कळेना.

सोमवारी रजा टाकून मी एकटाच वालूरला गेलो. बापाची विनवणी केली, तर तो उठून बैलांना वैरण टाकायला लागला. रुक्मिणची माय आत चुलीपाशी बसून ऐकत होती. म्हणून मॅडमचं एसटीतलं बोलणं मी जसंच्या तसं सांगितलं, आणि मोठ्यानं सांगितलं.

शनिवारी सकाळी रुक्मिण मैदानावर हजर, संगं तिची माय. मॅडम मायची माफी मागायला लागल्या, तर तिनं मागूच दिली नाही. म्हणाली, "बाई, पोरगी घ्या. पण ह्या ऐतवारी आमच्याकडं या. काही मागायला नगं, पावणी म्हणून या."

मॅडम पोरींकडं पाठ करून बराच वेळ स्टिकची मूठ पुसत राहिल्या.

दुपारी त्या ग्रंथालयात आल्या, माझ्या टेबलापाशी घुटमळल्या आणि हळू आवाजात विचारलं, "सर, पावणी म्हणून जाताना हातात काय न्यायचं असतंय?"